नलूच्या हातचं पाणी

लेकीकडे पुण्याला महिनाभर राहून परवा नाशिकला परत आले आणि बॅग दारातच टाकून आधी बाल्कनीत गेले. जाताना किल्ली शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलीकडे दिली होती. ती दिवसभर घरात बसून लॅपटॉपवर नोकरी करते. मध्येच उठून माझ्या झाडांना पाणी घालायची आणि मला पुण्याला फोटो पाठवायची. फोटोत दिसत होती त्याहून झाडं बरी होती. माझ्या जास्वंदीला माझ्यादेखत एका वेळी तीनपेक्षा जास्त फुलं कधी आली नाहीत, तिच्या हाताखाली पाच आली. मी तिला "छान ठेवलीस गं" म्हटलं, पुण्याहून आणलेली बाकरवडी दिली, दार लावून घेतलं आणि सोफ्यावर बसून चक्क जळले. वय वर्षं अडुसष्ट. जावयाने मागच्या दिवाळीत झाडांना आपोआप पाणी देणारं यंत्र आणून दिलं होतं. नळाला लावायचं, बारीक नळ्या कुंड्यांत सोडायच्या आणि वेळ लावून द्यायची. ते मी खोक्यातून काढलंही नाही. झाडांना पाणी माणसानेच घालावं असं माझं मत आहे, आणि ते माणूस मी सोडून दुसरं कुणी असलं की मला सहन होत नाही.

हा जळफळाट जुना आहे. तो सुरू झाला एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत, पहिल्या मजल्यावरच्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या गॅलरीत, आणि त्याला नाव आहे नलू. इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलेलं नाही. ज्या दोघींना सांगायला हवं होतं त्यांतली एक सगळं जाणून होती आणि दुसरीला मी शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. आता दुसरी या जगात नाही आणि पहिलीचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमच्या वसाहतीत दिवस उजाडायचा तो राखेने. चिमण्यांतून रात्रभर जी उडायची ती पहाटे खाली बसायची. दोरीवरचे कपडे, खिडकीचे गज, वाळवणाला घातलेल्या कुरडया, सगळ्यावर करड्या पिठासारखा थर. पायऱ्यांवरून बोट फिरवलं तर रेघ उमटायची. भोंगा झाला की पहिल्या पाळीचे लोक सायकली काढायचे आणि त्या सायकलींच्या सीटही आधी फडक्याने पुसाव्या लागायच्या. अशा ठिकाणी झाडं लावायचा हट्ट फक्त माझ्या आईने केला. तिच्या गॅलरीत बावीस झाडं होती. कुंड्या त्यांतल्या चार. बाकी वनस्पती तुपाचे डबे, गळके माठ, एक फुटकं घमेलं आणि वडिलांनी केंद्रातून आणलेलं रंगाचं पिंप. रोज सकाळी ती जुन्या लुगड्याचं ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसायची, पुढून आणि मागून. "पानाचं तोंड पुसल्याबिगर त्याला पाणी गोड लागत नाय," असं म्हणायची. मला शाळेत जायला उशीर होत असला तरी माझी वेणी पानं पुसून झाल्यावरच घातली जायची. वेणी घालताना तिच्या हातांना राखेचा वास यायचा.

मला त्या गॅलरीत काम करायला बंदी होती. दहा वर्षांची असताना आईला खूश करावं म्हणून मी तिच्या गुलाबाला दिवसातून तीन वेळा बादलीने पाणी घातलं आणि आठवड्यात तो मुळापासून कुजवला. तेव्हा ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "शोभे, तुझा हात जड हाय. तू आपली पुस्तकं बघ." मी पुस्तकं बघितली. वर्गात पहिली यायचे, निबंध माझा वाचून दाखवायचे. पण प्रगतिपुस्तक आईपुढे धरलं की ती ते उलटसुलट करून परत द्यायची, कारण तिला एक अक्षर येत नव्हतं. "चांगलं हाय ना?" विचारायची, मी "हो" म्हणायचे, की झालं. मोगऱ्याला कळी आली तर तिचा दिवस साजरा व्हायचा. माझा पहिला नंबर तिला मीच सांगावा लागायचा आणि आपलं कौतुक आपणच सांगण्यात काय मजा असते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

नलू समोरच्या क्वार्टरमधली. तिचे वडील कोळशाच्या यार्डात होते, मूळचे सायखेड्याचे. ती माझ्याच वर्गात होती आणि शेवटच्या बाकावर बसायची. वाचताना ओळीखाली बोट धरायची, ओठ हलवायची, तरी अडखळायची. गुरुजींनी तिच्याकडून काही अपेक्षा ठेवणं सोडलं होतं. पण गोदाकाठच्या शेतात वाढलेली पोर, मातीला हात लावला की तिला तिचं काय हवं-नको ते कळायचं. रोज चार वाजता ती दार न वाजवता आत यायची आणि थेट मागे जायची. मग मी मधल्या खोलीत पुस्तक उघडून बसायचे आणि त्या दोघींचं बोलणं ऐकायचे. बोलणं काही नसायचं. "काकू, ह्याला ऊन जास्त होतंय." "सरकव मग भिंतीकडं." मध्येच आई हसायची. माझ्याशी बोलताना आई हसायची नाही असं नाही, पण ते हसणं वेगळं होतं. मी पानं उलटायचे, एकही ओळ डोक्यात शिरायची नाही. एकदा आई शेजारणीला म्हणाली, "नलूच्या हाताला यश हाय." त्या दिवशी मी जेवले नाही. पोट दुखतंय असं सांगितलं, आणि ते तसं खोटंही नव्हतं.

त्या बावीस झाडांत अनंत एकच होता. आईचं माहेर बागलाणातलं नामपूर. लहानपणी ती धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या मामाला, शाळेत सोडायला जायची. आत तिला कुणी बसवलं नाही. तिने घरी जाऊन कांदे निवडायचे असायचे. पण शाळेच्या फाटकाशी एक अनंत होता आणि भाऊ आत जाईपर्यंत ती त्याच्याखाली उभी राहायची. "शाळेतलं मला तेवढंच म्हाईत," असं ती सांगायची, तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. शाळेला नवी खोली बांधायची म्हणून ते झाड तोडणार असं कळलं, तेव्हा पावसाळ्यात जाऊन तिने त्याच्या फांदीला गुटी बांधली. म्हणजे साल खरवडून त्यावर ओली माती नि शेण फडक्यात गुंडाळून ठेवलं, तिथे मुळं फुटावीत म्हणून. भाऊबीजेला जाऊन ती फांदी कापून आणली, बसमध्ये मांडीवर धरून. चांगल्या कुंड्या चारच होत्या, त्यांतली एक तिने रिकामी करून त्याला दिली. चैत्रापर्यंत त्याला सात पानं आली. सात हा आकडा मला आठवतो, कारण आई आणि नलू रोज ती मोजायच्या.

खानदेश-बागलाणात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीने माहेरी जायचं असतं. आधीच्या वर्षांत आम्ही गेलो की झाडांचं वडील बघायचे, म्हणजे बघायचे नाहीत. आईने नाना उपाय केले होते. एकदा सगळे डबे मोरीत ओल्या गोणपाटावर मांडून गेली, तर उजेडावाचून झाडं पिवळी पडली. एकदा दवाखान्यातून सलाइनच्या रिकाम्या बाटल्या आणून प्रत्येक डब्यावर उलट्या टांगल्या. त्या दोन दिवसांत गळून मोकळ्या झाल्या. त्या वर्षी तर वडील दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाला विदर्भात गेले होते आणि घराला कुलूपच लागणार होतं. मी म्हटलं, "मी राहते. समोरच्या काकूंकडे जेवेन. झाडांना पाणी घालीन." आईने माझ्याकडे पाहिलं आणि खरंच तिला हसू आलं. "तू?" म्हणाली. एवढंच. त्या संध्याकाळी तिने नलूला बोलावून घराची किल्ली तिच्या हातात दिली. आपल्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यासारखा एक दोरा तिने किल्लीला ओवला होता, हरवू नये म्हणून. नलूने तो तिथल्या तिथे गळ्यात घातला आणि किल्ली फ्रॉकच्या आत सोडली.

नामपूरला त्या दिवसांत कांद्याखेरीज काही नसतं. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरायचं काम चाललेलं, अंगणभर कांद्याची सालपटं उडताहेत, आणि वास इतका की दुधालाही तोच. आखाजीला मामीने खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या. चुलीवर मातीचं खापर पालथं घालून त्यावर हाताने फिरवून फिरवून पसरलेली, रुमालाएवढी पोळी. सोबत आमरस. मी चार खाल्ल्या असतील. आई मात्र पहिल्याच दिवशी शाळेकडे जाऊन आली होती. झाड आता राहिलं नाही, तिथे खोली झाली, असं मामा तिला अहिराणीत समजावत होता, "आक्का, ते झाड आते नही शे. तठे खोली बांधी." आई म्हणाली, "पाह्यं मी." आणि पोळी मोडत बसली. मग तिने मला हाक मारली. "शोभे, कार्ड आण. नलूला लिहायचं हाय."

आईच्या बोलण्याचं शुद्ध मराठी करून कागदावर उतरवणं, हे घरातलं माझं एकमेव मानाचं काम. वडिलांना, मामाला, सगळ्यांना तिची पत्रं मीच लिहायची. पण ती पत्रं घरच्यांना असायची. मला स्वतःला आईचं पत्र कधी आलं नव्हतं, येणार तरी कसं, मी कायम तिच्याजवळच. आणि नलूला मात्र येणार होतं, तेही माझ्या अक्षरात. मी कांद्याच्या गोणीवर बसून लिहायला लागले. "चि. नलू हिस अनेक आशीर्वाद." आई सांगत होती, "मोगऱ्याला सकाळी एक तांब्या, सांजच्याला एक. गुलाबाला बुडाशी घाल, पानावर नको. रोज तोंडं पुस समद्यांची. आन् अनंताचं नीट लिही. ऊन वाढलं की त्याची पानं गळतील, काडी वाळल्यावानी दिसंल. तरी सोडू नको त्याला. रोज सांजच्याला वाटीभर पाणी घाल, ओलं फडकं गुंडाळ. तुझ्यावर सोडलाय म्हणून मी इथं निवांत हाय."

मोगऱ्याचं मी बरोबर लिहिलं, गुलाबाचंही. अनंताशी पोचल्यावर पेन जरा थांबलं असेल. तुझ्यावर सोडलाय म्हणून मी निवांत आहे, हे वाक्य मला घशाखाली जाईना. मी लिहिलं, "अनंताला मात्र आम्ही येईपर्यंत अजिबात पाणी घालू नये. तो उन्हाळ्यात कोरडाच ठेवायचा असतो." त्या झाडाशी माझं काही भांडण नव्हतं. नलूच्या हाताला यश आहे, हे आईचं म्हणणं एकदा तरी खोटं पडावं, एवढंच मला हवं होतं. आई म्हणाली, "वाच बरं." आणि मी कार्डावर नजर ठेवून तिने सांगितलं होतं तसंच्या तसं वाचून दाखवलं, वाटीभर पाण्यासकट. किती सोपं होतं ते, याचंच मला आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी मामीबरोबर बाजारात जाताना मी ती शाळेची खोली पाहिली. फाटकाजवळ नव्या विटांची भिंत आणि खाली चुन्याची फक्की. झाडाचा बुंधासुद्धा राहिला नव्हता. म्हणजे आता जगात तो अनंत एकलहऱ्याला गॅलरीत एका कुंडीतच होता. घरी जाऊन दुसरं कार्ड टाकायचं मी ठरवलं, खरंच ठरवलं होतं. पण घरी आले तर आई मामाकडून मागवलेलं कापड उलगडून बसली होती. पिवळ्यावर बारीक लाल फुलं. मला वाटलं माझं. आई म्हणाली, "नलूच्या फ्रॉकाला. पोर एवढं करती." मी कार्ड लिहिलं नाही.

मग नलूचं कार्ड आलं. तिने आयुष्यात कुणाला लिहिलेलं बहुधा पहिलंच, अक्षरं खालीवर गेलेली. मामाने ते दारातून माझ्याच हातात दिलं. त्यात होतं, "काकूंना नमस्कार. झाडे बरी आहेत. मोगऱ्याला कळ्या आल्या. अनंताची पाने गळाली. माती दगड झाली. मला बघवत नाही. थोडे पाणी घालू का. लवकर कळवा. तुमची फार आठवण येते. नलू." आई पदराने हात पुसत पुढे येऊन बसली. मी वाचलं, "काकूंना नमस्कार. झाडं बरी आहेत. मोगऱ्याला कळ्या आल्या. नलू." आईने विचारलं, "येवढंच? कार्ड तर भरलेलं दिसतंय." मी म्हटलं, "अक्षर मोठं आहे तिचं." अनंत मी गाळला याची मला आज जितकी लाज वाटते, तितकीच "तुमची फार आठवण येते" हे वाक्य गाळल्याची वाटते. पाण्याचं तर मी कपटाने लपवलं, पण ते वाक्य आईच्या कानावर पडावं हेच मला नको होतं. आई कार्ड हातात घेऊन त्याच्यावरून बोट फिरवत राहिली, पानं पुसताना फिरवायची तसं. म्हणाली, "पोरीला लिहिता येत नाय तरी लिहिलं." संध्याकाळी ते कार्ड मी चुलीत घातलं. नलूला उत्तर गेलं नाही.

आम्ही परतलो तेव्हा जिन्याची पायरीन् पायरी राखेने माखलेली होती, पण आमच्या गॅलरीत एका पानावर राख नव्हती. मोगरा फुलून ओसंडत होता. गुलाबाला नवी फूट होती. वनस्पतीच्या डब्यांना नलूने गेरू लावला होता. आणि कोपऱ्यात त्या चांगल्या कुंडीत एक करडी काडी उभी. आई खाली बसली. तिने नखाने काडीची साल खरवडली. आत हिरवं काही नव्हतं. पुन्हा जरा खाली खरवडली. नलू मागे उभी होती. आईने विचारलं, "नले, ह्याला पाणी नाय घातलं?"

"नाही काकू," नलू म्हणाली. "तुम्हीच लिहिलं होतं ना, घालू नको म्हणून. मला पटत नव्हतं. मी विचारलं पण होतं कार्ड टाकून. तुमचं उत्तर नाही आलं. म्हटलं काकूंनी सांगितलंय तर असेल काहीतरी."

"मी आसं कशाला सांगीन?"

नलू पळत घरी गेली आणि कार्ड घेऊन आली. घडी न पाडता वहीत ठेवलेलं होतं. आईने ते हातात घेतलं, या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं, आणि माझ्यापुढे धरलं. "वाच शोभे."

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. कार्ड माझ्या हातात, अक्षर माझं, आणि समोर जिला वाचता येत नाही ती माझी आई नि जिला अडखळत का होईना वाचता येतं ती नलू. मला वाटतं मी एक क्षण खरं वाचणारच होते. पण आईचा हात अजून त्या काडीवर होता. मी वाचलं, "रोज संध्याकाळी वाटीभर पाणी घाल. ओलं फडकं गुंडाळ. काडी वाळल्यासारखी दिसेल, तरी त्याला सोडू नकोस." माझा आवाज वर्गात निबंध वाचताना असायचा तसा स्पष्ट होता.

नलूने आधी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते कार्ड तिला पाठ असणार, महिनाभर तिने दुसरं काय वाचलं असेल. तिच्या तोंडावर राग आला नाही. गणित न सुटल्यावर फळ्यापुढे उभी राहायची, तसा चेहरा झाला आणि मग एकदम सुटलं असावं. ती म्हणाली, "हो काकू. मला नीट वाचता येत नाही. कार्डात विचारायचंही राहिलं असेल. माझंच चुकलं."

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त "जाऊ दे" म्हणाली आणि हात पुढे केला. नलूने गळ्यातला दोरा काढून किल्ली दिली. दोऱ्याचा काळा वळ तिच्या मानेवर घामाने उमटला होता. ती गेल्यावर आईने दार लावलं. मग भाकरी टाकल्या. पिवळं कापड तिने नलूला दिलं नाही. जून महिन्यात त्याचा फ्रॉक माझ्यासाठी शिवला आणि तो मला अगदी नेमका बसला. मी तो घालून शाळेत गेले तेव्हा शेवटच्या बाकावरून नलूने मान वर केली नाही.

चार वाजता दार उघडेनासं झालं. मी जिंकले होते. आईने हळूहळू पाण्याचं काम मला शिकवलं, कारण आता दुसरं कुणी नव्हतं. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून ओल बघायची, पाणी बुडाशी हळू सोडायचं. मी शिकले, माझा हात तसा जड नव्हताच. पण आई गॅलरीत माझ्याबरोबर उभी राहिली तरी बोलायची नाही, हसायची तर नाहीच, आणि मला कळायचं की ती चार वाजण्याकडे कान लावून आहे. जी नलू येत नव्हती तिच्यावर मी आधीपेक्षा जास्त जळायला लागले. समोर असली तर निदान तिच्या शुद्धलेखनाच्या चुका काढता यायच्या.

पावसाळा संपता संपता तिच्या वडिलांची बदली झाली. खाली टेम्पोत सामान चढत होतं आणि नलू जिन्यात बसली होती, मांडीवर पाटांची चवड घेऊन. मी दोनदा वरून खाली, खालून वर केलं. मग तिच्या वरच्या पायरीवर बसले आणि विचारलं, "तू सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"कार्डावर खरं काय लिहिलं होतं ते. खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाचायला दिलं असतंस तरी मी पकडली गेले असते."

"गेली असतीस," ती म्हणाली. "आणि मग काकूंनी कुणाकडून वाचून घ्यायचं? मामाचं पत्र येतं, तुझ्या बाबांचं येतं. औषधाची चिठ्ठी असती. दर वेळी त्यांच्या मनात आलं असतं, ही खरं वाचतीय का खोटं. बाबा नसले की घरात दुसरं कोण आहे वाचणारं?" तिने मांडीवरचे पाट नीट रचले. "माझं काय, मी झाडंच बघायचे. झाडं त्यांची त्यांना बघता येतात."

खाली तिच्या आईने हाक मारली आणि ती पाट सांभाळत उतरून गेली. मला त्या वेळी रडू यायला हवं होतं. पश्चात्ताप वगैरे म्हणतात तो व्हायला हवा होता, आणि झालाही, पण पुढे, सावकाश. जिन्यात त्या क्षणी मला जे वाटलं ते आजवर इतकं कडवट पुन्हा वाटलेलं नाही: मला हेवा वाटला. माझ्या आईला वाचता येत नाही ही गोष्ट मी पंधरा वर्षं रोज पाहत होते, तिच्यावर माझा रुबाब चालवत होते, शेवटी त्या गोष्टीचा वापरही केला. ते तिला कसं वाटत असेल, हा विचार मात्र नलूने केला. माझ्या आईची माझ्यापेक्षा चांगली मुलगी समोरच्या क्वार्टरमध्ये राहत होती आणि ती आता टेम्पोत पुढे बसून चालली होती.

त्यानंतर मी आईला एकही अक्षर खोटं वाचलं नाही. वाईट बातम्याही जशाच्या तशा वाचल्या. मामा गेल्याचं पत्र, वडिलांचे तपासणीचे कागद. मी शाळेत मराठी शिकवायला लागले, तिला अक्षरं शिकवायचा दोनदा प्रयत्न केला. ती पाटी बाजूला ठेवायची. "तू हायेस ना," म्हणायची. नलूची आठवण कधी निघाली तर म्हणायची, "गुणाची पोर. एकदाच चुकली." मी हातातलं काम करत राहायचे.

आईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं ते इथेच, नाशिकच्या एका दवाखान्यात. त्या सकाळी मी तिला सगळं सांगायचं ठरवून गेले होते, नामपूरच्या गोणीवरच्या कार्डापासून. वेळ कमी होता, पण एवढं सांगायला किती लागतं. तेवढ्यात नर्स संमतीचा कागद घेऊन आली आणि म्हणाली, पेशंटचा अंगठा घ्या. मी म्हटलं, आधी त्यांना वाचून दाखवते. चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. भूल देण्यातले धोके, रक्तस्राव, जिवाला असलेला धोका, एकही शब्द न गाळता. नर्स घड्याळाकडे बघत होती. आईने डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोप लागली. मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "शोभे, येवढं समदं कशाला वाचत बसलीस. तू सांगशील ते खरंच आसंल की. तू कधी खोटं वाचलंय मला?"

मी कागदावरून मान वर केली नाही. पुढची ओळ वाचली, त्याच्या पुढची वाचली, आणि शेवटी सही-अंगठ्याच्या जागेशी आल्यावर तिचा अंगठा हातात धरून शाईवर टेकवला.